व्हर्लिन स्कोगस्टाड यांनी लावलेला शेवटचा पंखा

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या विमानमंडळाच्या प्रमुख माननीय गेल वॉयटाक बाई, व्यासपीठावर बसलेले धावपट्टीचे व्यवस्थापक एमेट डुखोव साहेब, ज्यांच्यासाठी आपण आज हँगरमधली विमानं बाहेर उन्हात काढून आत खुर्च्या मांडल्या ते आपले व्हर्लिन स्कोगस्टाड, त्यांना कायमचं आपल्या घरी न्यायला दुलुथहून आलेली त्यांची कन्या मार्गिट, आणि समोर बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी नॉर्बर्ट केसेनिख. चीज फॅक्टरीत बॉयलर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. बोलण्याची सवय नाही, बॉयलरशी कोणी बोलत नाही. गेलबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला जास्त लागतील. बटाट्याचं सॅलड थोडं गरम होईल, ते सांभाळून घ्या.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही व्हर्लिन यांच्या पॅनकेकची तारीफ केली. गेली अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी सात वाजता ते त्या तव्यापाशी उभे राहतात, हे खरंच आहे. निमंत्रणपत्रिकेवरही तव्याचंच चित्र आहे. डुखोव साहेब नवीन आहेत, त्यांना वाटलं असेल की हे गृहस्थ आपल्या मंडळाचे आचारी. साहेब, यात तुमची काही चूक नाही.

पण मला सभागृहाला विचारायचं आहे. तव्यापाशी उभे राहण्याआधी हा माणूस काय करत होता, हे एकाही वक्त्याच्या तोंडी का आलं नाही? आपण सगळे जाणतो. जाणतो म्हणूनच बोललो नाही.

एकतीस वर्षं या भागातल्या घरी बांधलेल्या प्रत्येक विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा व्हर्लिन लावत. आपण गॅरेजमध्ये सात-सात वर्षं खपून विमान बांधायचो, बायकोच्या गाडीला हिवाळाभर बर्फात ठेवायचो, आणि शेवटी ते ट्रेलरवर घालून त्यांच्या दारात न्यायचो. का? कारण ज्याच्या पात्यांचा कोन फक्त जमिनीवर बदलता येतो, उडताना नाही, असा पंखा लावणं ही नाजूक गोष्ट आहे. पातं जास्त तिरकं केलं तर वर हवेत विमान वेगाने जातं, पण जमीन सोडायला कुरकुरतं. कमी तिरकं केलं तर झटकन उठतं आणि वर गेल्यावर इंजिन नुसतं ओरडत राहतं. व्हर्लिन म्हणायचे, "तुझ्या ट्रकला एकच गिअर आहे असं समज. त्याच गिअरवर चिखलातून निघायचंय आणि त्याच गिअरवर हायवेला लागायचंय. आता सांग, कुठे अडकलेलं चालेल?"

त्यांची रीत मी डोळे मिटून सांगू शकतो. शेपटी दोराने त्या बाहेरच्या खांबाला बांधायची. इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. विमानातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून हातातल्या यंत्राने पंख्याचे फेरे मोजायचे. एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या अंशाचा. मग वारा पडलेल्या पहाटे तीन दिशांना उडून वेग काढायचा, म्हणजे वाऱ्याची मदत कुणाच्या खात्यात जायला नको. सगळं जुळलं की पात्याच्या बुंध्यापासून, पाती ज्यात बसतात त्या मधल्या गाभ्यापर्यंत मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने एक बारीक रेघ मारायची. रेघ जागेवर असेल तर पंखा जागेवर आहे. आणि मग विमानाच्या नोंदवहीत सुवाच्य अक्षरात आकडा लिहायचा.

मेणाचीच पेन्सिल का, हे इथल्या नवख्या मंडळींनी ऐकून ठेवावं. आपली लिहायची शिसपेन्सिल अॅल्युमिनियमला चालत नाही. दमट हवेत तिची रेघ धातूला हळूहळू खाते. व्हर्लिन यांच्या हँगरमध्ये शिसपेन्सिल खिशात घेऊन जाणाऱ्याला ते दारातच थांबवायचे.

आता त्या भिंतीकडे पाहा. तो फळा. प्रत्येकाच्या विमानाचा लांबच्या उड्डाणातला वेग त्यावर खडूने लिहिलेला असतो. अकरा वर्षांपूर्वी डेल प्रोहास्काच्या नावापुढे ताशी एकशे अठ्ठेचाळीस मैल होतं आणि माझ्या नावापुढे एकशे त्रेचाळीस. विमान जवळजवळ सारखंच. डेल तिथे तिसऱ्या रांगेत बसलाय. तेव्हा तो मला दर शनिवारी विचारायचा, "काय नॉर्ब, तुझ्या विमानाला म्हणे चिमण्या मागून येऊन धडकतात?" सगळे हसायचे. मीही हसायचो. आणि घरी जाऊन जेवायचो नाही.

मी व्हर्लिन यांच्याकडे गेलो. म्हटलं, तुम्ही पातं अजून दोन अंश तिरकं करून द्या. त्यांनी विचारलं की मी कुठून कुठून उडतो. मी सांगितलं, इथून, आणि कधीकधी बायकोला, आर्डिसला, घेऊन मेहुण्याच्या शेतातल्या गवताच्या पट्टीवरून. ते म्हणाले, "त्या गवतावरून जुलै महिन्यात आर्डिसला शेजारी बसवून उडणार असशील, तर आहे तेच ठेव. फळ्यावरचा आकडा मक्याच्या ताटाला वाचता येत नाही."

पुढचं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. सोळा जुलै. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, वारा नाही, गवत गुडघ्याएवढं नसलं तरी घोट्याच्या वर. शेजारी आर्डिस, मांडीवर बहिणीने दिलेली चेरीची पाई. विमान धावलं, धावलं, उठलं, आणि चढलंच नाही. पट्टीच्या टोकाला मका होता. चाकं ताटांत अडकली आणि आम्ही उलटे झालो. मला खरचटलं. आर्डिसचा पाय तीन ठिकाणी मोडला. ती दुसऱ्या रांगेत आहे, काठी खुर्चीला टेकवून.

अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी पंखा मोजला. पाती हवी त्यापेक्षा दोन अंश जास्त तिरकी. नोंदवही उघडली. पंख्याची शेवटची नोंद व्हर्लिन स्कोगस्टाड यांची; आकडा बरोबर, म्हणजे लावतानाच हात चुकला असं दिसत होतं. त्यांना बोलावून विचारलं, हा कोन तुम्ही लावला का? मी तेव्हा आर्डिसजवळ इस्पितळात होतो, पण गेलबाई तिथे हजर होत्या. व्हर्लिन यांनी गाभ्यावर वाकून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वहीत शेवटचं अक्षर माझं आहे."

त्यानंतर त्यांच्या दारात कोणी ट्रेलर नेला नाही. कोणी वाईट बोललं नाही, आपण सभ्य माणसं. नजर कमी झाली असेल, वय झालं, असं कुजबुजत सगळे दुसऱ्या गावच्या माणसाकडे जाऊ लागलो. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी कोनमापक पेटीत ठेवलं आणि तवा हातात घेतला.

मित्रहो, तो पंखा व्हर्लिन यांनी तसा लावलेला नव्हता.

बारा जुलैच्या मंगळवारी सकाळी मी एकटा इथे आलो. बोल्ट सैल केले आणि माझ्या हाताने दोन्ही पाती दोन-दोन अंश फिरवली. त्यांची पिवळी रेघ रॉकेलच्या बोळ्याने पुसली. पाहणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून नव्या जागी नवी रेघ मारली. खिशात शिसपेन्सिल होती, तिने. वहीत काही लिहिलं नाही. मग पाठीमागून वारा घेऊन एकाच दिशेला उडालो, एकशे एक्कावन्न मैल पाहिले, आणि येऊन फळ्यावर लिहिले. डेलचा चेहरा पडला. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

खरा हिशेब मी नंतर मांडला. वाऱ्याची मदत वजा केली तर वाढले होते तीन मैल.

अपघातानंतर तुम्ही तो एकशे एक्कावन्नचा आकडा पुसला नाहीत. गेलेल्या विमानाची आठवण म्हणून ठेवलात. अकरा वर्षं मी त्याच्याखाली बसून व्हर्लिन यांच्या हातचे पॅनकेक खाल्ले.

त्यांना माहीत होतं का? होतं. चौकशी संपल्यावर त्या सप्टेंबरमध्ये ते माझ्या गॅरेजमध्ये आले. फडक्यात गुंडाळलेला पंख्याचा गाभा त्यांनी माझ्या बाकावर ठेवला. आर्डिस कशी आहे ते विचारलं. आणि जाताना दारातून म्हणाले, "नॉर्ब, त्यावरची पेन्सिल पुसून टाक. अॅल्युमिनियम खाते ती."

बस, तेवढंच. त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही. मी बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली असावी. मी आधी म्हणत राहिलो, आर्डिसचा पाय बरा होऊ दे. मग म्हणत राहिलो, आता इतकी वर्षं झाली. मी भ्याडपणा केला. त्याला दुसरा शब्द मला सापडला नाही.

व्हर्लिन सोमवारी दुलुथला जाणार, असं कळलं तेव्हा मी गुरुवारी स्वयंपाकघरात आर्डिसला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "माझा पाय तू मोडलास, त्याचं आपण घरी बघू. पण तो मोडला व्हर्लिनच्या नावावर. ते नाव आधी त्याला परत देऊन ये."

म्हणून मी उभा आहे.

आपल्यात नोंदवहीतली जुनी नोंद खोडत नाहीत. चूक झाली तर खाली नवी नोंद करतात. काल मी ती केली, आणि आता वाचतो. "बारा जुलै. मालक नॉर्बर्ट केसेनिख याने दोन्ही पाती स्वतः दोन अंश जास्त तिरकी केली. तसं करू नको असं त्याला स्पष्ट सांगितलेलं होतं. व्हर्लिन स्कोगस्टाड यांनी लावलेला पंखा अचूक होता." खाली माझी सही आहे. अध्यक्षबाई, ही वही आता मंडळाची. डेल, तुझे हात लांब आहेत, सभा संपल्यावर फळ्यावरचा तो आकडा तू पूस आणि एकशे त्रेचाळीस लिही.

व्हर्लिन, तुम्हाला द्यायला मंडळाने सुंदर लाकडी पंखा करून घेतला आहे. मी आणलंय ते हे. त्याच फडक्यात आहे.

तुम्ही पुसून टाक म्हणाला होता. मला ती रेघ पुसता आली नाही, आणि पाहवतही नव्हती. दमट गॅरेजच्या तळाच्या खणात ती अकरा वर्षं राहिली. काल काढून पुसायला गेलो तर पेन्सिल निघाली, पण रेघ राहिली. धातूत खोल गेली आहे. नखाला लागते.

अध्यक्षबाईंनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, स्वयंपाकघरातल्या भगिनींनी जेवण झाकून ठेवलं, सर्वांचा मी ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ता आपल्या बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या म्हणतो. आज मी बोललो त्यात काही चुकलेलं नाही. व्हर्लिन, अकरा वर्षं मी जे बोललो नाही, त्याची क्षमा मी तुमच्याकडे मागतो. तुम्ही ती दिली नाहीत तरी मला मान्य आहे. मला खाली बसण्याआधी एवढंच मागू द्या, की सगळ्यांनी व्हर्लिन यांच्यासाठी उभं राहावं, आणि या वेळी पॅनकेकसाठी नको.