भाचीचं अ‍ॅप आणि माझी दाढ

राव, आयुष्यात मी एकदाच तासभर गप्प बसलो, आणि तेवढ्यात माझ्या भाचीचं अ‍ॅप बुडता बुडता वाचलं.

केतकी मारुंजीला राहते. नोकरी सोडून तिने ते बनवलं होतं. गाणं लिहिणाऱ्याला चाल लावणारा भेटावा, नाटकवाल्याला नेपथ्यवाला, असं काहीतरी. त्या रविवारी मोशीला आमच्याकडे आली ती रडवेली होऊनच.

"मामा, उद्या अ‍ॅप बंद करतेय. लोक येतात, आपलं टाकतात आणि निघून जातात. कुणाची कुणाशी जोडीच जमत नाही."

माझ्याकडे सल्ले डझनभर होते हो! पण सकाळीच दाढ काढलेली, तोंडात कापूस, वर डॉक्टरची ताकीद की बोलायचं नाही. मी नुसता "हं" म्हणत राहिलो. ती बोलत गेली, मोबाइल दाखवत गेली, स्वतःशीच भांडली आणि एकदम थांबली.

"मामा, इथे प्रत्येकाला आपलंच ऐकवायचंय. दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूसच मी ठेवला नाही!"

"हं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच्या यादीत कवी, वादक, चित्रकार यांच्या खाली 'ऐकणारा' आला. आधी त्याला ऐकवायचं, मग तोच सांगतो कुणाचं कुणाशी जमेल. आता धडाधड जोड्या जमतायत. ऐकणाऱ्यांत पहिलं नाव माझं. फक्त फोटो राहिलाय. तोंड मिटलेला पाहिजे म्हणते. माझ्या लग्नापासूनचे सगळे अल्बम पालथे घातले पोरीने, अजून एकही सापडलेला नाही.