चार इंच आखूड नळी

जबाब

नाव राजपाल मच्छिंद्र ओव्हाळ, वय ४५ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कळंब, जि. धाराशिव. आज पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी दीक्षा व मुलगी संघप्रिया, वय १६, यांच्यासह राहतो. बसस्थानकाजवळ माझे शिलाईचे दुकान आहे. शाळेचे गणवेश हे माझे मुख्य काम. मुलगी अकरावीत शिकते व एअर रायफल नेमबाजी खेळते. ही रायफल हवेवर चालते, तिच्यात छर्रा असतो, काडतूस नसते. हे मी आज जमलेल्या गर्दीतल्या लोकांनाही सांगत होतो, पण कोणी ऐकून घेतले नाही, म्हणून इथे आधीच सांगून ठेवतो.

मुलीला मी जुनी रायफल घेऊन दिली होती. तिचे बिल सोबत आणले असून साहेबांकडे दिले आहे. घेतेवेळी लांब नळीची घ्यावी की आखूड, यावर माझे बरेच दिवस गेले. लांब नळीवर नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा एकमेकींपासून दूर राहतात, त्यामुळे नेम जरा हलला तरी लगेच कळते. पण वजन पुढे जाते आणि हात भरून येतो. आखूड नळी हाताला हलकी, छर्राही लवकर सुटतो, पण फारच आखूड घेतली तर खुणा जवळ येतात. आम्हाला एकच रायफल परवडणारी होती. सरावाला, स्पर्धेला, एसटीतून न्यायला, सगळ्याला तीच चालली पाहिजे. तेव्हा मी गणवेश शिवतो तसाच विचार केला. मूल वाढते आहे, वाढत्या मापाचे घ्यावे. म्हणून लांब नळीची घेतली.

मुलगी वाढली नाही. आईच्या उंचीवर थांबली. खांदा दुखतो हे तिने आईला सांगितले, मला सांगितले नाही. मला मागच्या महिन्यात कळले. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

सास्तूर, ता. लोहारा येथील अमरसिंह बब्रुवान साळुंके यांचा मुलगा रणधीर हाही नेमबाजी करतो. स्पर्धेच्या ठिकाणी आमची ओळख झाली. रणधीर एकदम उंच झाल्याने त्याला त्याची आखूड नळीची रायफल पुरत नव्हती. आमची त्यांनी घ्यावी, त्यांची आम्ही घ्यावी, देणेघेणे काही नाही, असे फोनवर ठरले. उद्या धाराशिवला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. दोन्ही मुले त्यात आहेत. अमरसिंह म्हणाले की मंगळवारी येडेश्वरीच्या दर्शनाला येतोच आहे, येरमाळ्यातच भेटू.

त्याप्रमाणे आज दुपारी मी व मुलगी येरमाळा येथे हमरस्त्यावरील एका हॉटेलच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांना भेटलो. अमरसिंह म्हणाले, "मास्तर, फोटू बघितलाय न्हवं? उचला अन् चला." मी म्हणालो, "दादा, अंगाला लावून बघितल्याबिगर म्या न्हेत न्हाय." हा माझ्या धंद्याचा स्वभाव आहे. बघायचेच होते तर कोणाच्या तरी घरात बघायला पाहिजे होते. ते मला तेव्हा सुचले नाही.

खिशातल्या टेपने मी दोन्ही नळ्या मोजल्या. त्यांची चार इंचांनी आखूड भरली. मुलीने ती खांद्याला लावली व भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत छर्रा नव्हता. इतकी स्थिर उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "पप्पा, हीच." मला फार आनंद झाला. हे जबाबात बसत नसेल तर साहेबांनी ठरवावे.

एवढ्यात दर्शनाहून आलेली एक बाई "अगं बाई, बंदूक!" असे ओरडली. लोक धावत आले. काहींनी मोबाईल काढले. एकाने माझी कॉलर धरून विचारले, "आडनाव काय रं तुझं?" मी सांगितले. बंदूक कसली आहे हे त्यानंतर विचारले. एका इसमाने मुलीच्या हातातून रायफल ओढली, त्यात तिचे मनगट मुरगळले. त्या वेळी अमरसिंह आमची लांब रायफल त्यांच्या गाडीत ठेवत होते. ते गाडीत बसले आणि निघाले. मी दोनदा हाक मारली. त्यांच्या गाडीची काच खाली होती.

पोलिसांची गाडी आली व आम्हाला इथे आणले, म्हणून आम्ही धडधाकट आहोत. बिलावरचा नंबर व जप्त रायफलवरचा नंबर जुळत नाही, हे मला दाखवण्यात आले. ते खरे आहे. बिल लांब रायफलचे आहे आणि ती अमरसिंह यांच्याकडे आहे. मी त्यांना पुन्हा पुन्हा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. बाहेर बाकावर बसलो असताना त्यांचा स्वतःहून फोन आला. मुलगी शेजारी होती, तिनेही ऐकले.

ते म्हणाले, "मास्तर, माझं नाव तेवढं घेऊ नका. व्हिडिओ लई फिरायलाय, अन् पुढं मी निवडणुकीला उभा हाय. कुणाकडनं तरी इकत घेतली म्हणा, नाव ठाव न्हाय म्हणा. दोन-चार दिसांत मी समदं मिटवतो."

मी म्हणालो, "दादा, उद्या चाचणी हाय. तुम्ही येऊन नुसतं खरं सांगा, आज सुटंल रायफल."

ते म्हणाले, "नाव घेतलंत तर माझी रायफल चोरीला गेली, असं मला सांगावं लागंल. बघा बाबा." आणि फोन ठेवला.

तेव्हा कोणाचे नाव न घेता मी साहेबांना रायफलचे विचारले. साहेब म्हणाले, मालक समोर येईपर्यंत रायफल सोडता येत नाही. म्हणजे उद्या रणधीर आमच्या रायफलवर खेळेल आणि संघप्रियाकडे कोणतीच नसेल. पुढची चाचणी एकदम वर्षाने. मी मुलीला विचारले की, नाव गाळून आज घरी जायचे का, चोरीचा आळ आला तर मी काय करू. ती म्हणाली, "पप्पा, चाचणी चुकली तर चुकू द्या. त्यांचं नाव गाळलं अन् पुढं ते चोरी झाली म्हणाले, तर माल कुणाच्या हातात सापडला? माझ्याच न्हवं?"

नळीचे माप मी तिला न विचारता ठरवले होते. हे मात्र तिने ठरवले आहे. माझी भीती गेलेली नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मुलीनेही ऐकला. त्यात अमरसिंह बब्रुवान साळुंके हे नाव जिथे जिथे आले आहे, तिथे ते तसेच राहू द्यावे. मी सांगितले तेच लिहिले आहे व ते बरोबर आहे.