बँकेचा माणूस आणि सुलताना चाची

हसाल तुम्ही, पण चंद्रपुरातल्या फ्लॅटचं माझं कर्ज शेजारच्या सुलताना चाचीवर अडकलं होतं. मी आयर्लंडमध्ये, नवरा नाही, कडेवर लेक. बँकेच्या जागी मी असते तर मीही मला कर्ज दिलं नसतं. बँकेचा माणूस चौकशीला आला तेव्हा आईच्या घराला कुलूप होतं, म्हणून त्यानं चाचीलाच विचारलं, "मुलगी काय करते? तिकडे एकटीच राहते का?"

चाचीला वाटलं, स्थळ आलं.

"पोरगी हिरा आहे जी. एक लेकरू आहे, लपवत नाई. पण तुमचं सोताचं घर आहे का?"

"नाही, भाड्याचं."

"मंग जमत नाई. आमची पोरगी सोताचं घर घेऊन राह्यली!"

हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. म्हणाला, "मॅडम, तुमचं कर्ज मंजूर झालं. नामंजूर झालो तो मीच."