आधी नाव, मग माप

बाप: किती वेळ बसवणार आहेस त्याला बाहेर बाकावर?

लेक: सहा तास.

बाप: सहा? दहा वाजता आलाय बिचारा. एका पायावर, कुबड्या घेऊन, जिना चढून. आता दोन वाजले.

लेक: बिचारा म्हणू नका. तुम्ही ओळखलं नाहीत त्याला.

बाप: चष्म्याशिवाय मला तुझा चेहरा नीट दिसत नाही, गिऱ्हाइकाचा कुठून दिसणार?

लेक: मोठ्या हॉस्पिटलची खिडकी आठवते? काचेमागचा माणूस. "आधी डिपॉझिट, मग बेड."

बाप: तो?

लेक: तोच. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे. मला विचारतो, "बाई, माझा नंबर कितवा?"

बाप: तुला ओळखलं त्याने?

लेक: ओळखायला मान वर करावी लागते. तेव्हा केली नव्हती.

बाप: नऊ वर्षं झाली, पोरी.

लेक: नऊ वर्षं आणि चार महिने. ह्यांना दहा वाजता नेलं, चार वाजता गेले. अपेंडिक्स फुटलेलं, पोट फळीसारखं कडक. तुम्ही कारखान्यातलं लेथ मशीन विकायला गेला होतात. मी खिडकीशी सांगत होते, निम्म्याहून जास्त आणलेत, बाकीचे वडील घेऊन येतायत. त्याने काच ओढली आणि जेवणाचा डबा उघडला.

बाप: हे मला सांगायची गरज आहे का?

लेक: बिचारा म्हणालात म्हणून सांगितलं.

बाप: मग काम घेत नाही म्हण आणि वाटेला लाव.

लेक: वाटेला लावू? आपल्या पायांनी, म्हणजे एका पायाने, चालत आलाय माझ्या दारात. नाही बाबा. मी लाकडी पाय करून देणार. फक्त अर्धं बोट आखूड.

बाप: काय म्हणालीस?

लेक: अर्धं बोट. बघून कुणाला कळणार नाही. आधी कंबर धरेल, मग पाठ. रोज सकाळी उठताना कण्हेल मेला, मरेपर्यंत. कशामुळे ते कधी कळायचं नाही त्याला.

बाप: चाळीस वर्षांत या घरातून एक पाय आखूड गेलेला नाही.

लेक: आता हात माझे आहेत. तुमचे थरथरतात.

बाप: लाकूड अजून माझं आहे. आणि त्याला कळणारच नसेल तर तुला काय मिळालं? माणूस कण्हणार आणि दोष थंडीला देणार.

लेक: ताईच्या नवऱ्याला त्याच वर्षी हेच झालं होतं ना? नदीच्या पलीकडे, दुसऱ्या देशात, एवढाच काय तो फरक. तिथल्या खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली आणि आत घेतलं. चार दिवसांनी घरी. ताईने पैसे दिले ते गाडी उभी करायचे.

बाप: त्याच ताईच्या सासूला गुडघ्यासाठी चौदा महिने थांबवलंय तिथे. रोज फोनवर रडगाणं असतं.

लेक: रडायला आहेत ना त्या. माझा माणूस चौदा महिने थांबला असता हो. त्याला सहा तास मिळाले.

बाप: बोलाव त्याला आत. माप माझ्यासमोर घे.

लेक: अजून दोन तास व्हायचेत.

बाप: मग मीच बोलावतो. अहो साहेब! या आत. सांभाळून, उंबरा आहे.

साहेब: आलो, आलो. थँक्यू, मिस्त्री. म्हटलं, आज नंबर लागतो की नाही. पाठ भरून आली बसून.

बाप: बसा इथे. कधी कापला?

साहेब: पाच महिने झाले. शुगर. अंगठ्याला साधी जखम झाली होती, ती चढत गेली. गुडघा वाचला, ते एक बरं.

लेक: मोठ्या हॉस्पिटलात कामाला होतात ना? तिथे पाय बसवून देतात की. चांगले परदेशी बनावटीचे.

साहेब: एकतीस वर्षं सर्व्हिस केली तिथे. पण रिटायर झालो की स्टाफची सवलत बंद होते. विमा आहे माझा, रेग्युलर हप्ते भरतो. त्यांच्या नियमाप्रमाणे पाय कापणं पॉलिसीत बसतं, नवा बसवणं बसत नाही.

बाप: म्हणजे न्यायचे पैसे देतात, आणायचे देत नाहीत.

साहेब: तसंच काहीसं. मिस्त्री, तुम्हाला गंमत वाटते, पण त्यांनी दिलेला आकडा म्हणजे माझी तीन वर्षांची पेन्शन आहे. नदीपलीकडेही चौकशी केली. तिथे नागरिकांना फुकट, आपल्याला पूर्ण दर. मुलगा त्याहून लांब आहे, तिकडे उपचाराचे पैसे पगारातूनच कापून घेतात, मग कितीही आजारी पडा. पण त्यात बायको आणि मुलं येतात, बाप येत नाही.

लेक: मग आपल्याच खिडकीवर जायचं होतं. ओळखीतलं कोणी असेल.

साहेब: गेलो होतो. मीच शिकवलेला पोरगा आहे तिथे आता. म्हणाला, सर, आधी डिपॉझिट.

लेक: मान वर केली त्याने?

साहेब: काय?

लेक: तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत होता का?

साहेब: नाही. तसं बघायचं नसतं. बघितलं की काम होत नाही. बाई, तुम्ही हे असं का विचारताय?

लेक: नऊ वर्षांपूर्वी त्या खिडकीशी मी होते. नवरा मागे बाकावर पडला होता, पोट धरून. निम्म्याहून जास्त पैसे हातात होते. तुम्ही काच ओढलीत.

साहेब: बाई... रोज तीस-चाळीस जण यायचे हो. नियम मी केला नव्हता.

लेक: काच कोणी ओढली?

साहेब: जेवणाची सुट्टी असायची.

लेक: त्या दिवशी बेड रिकामा होता का?

साहेब: आता कसं आठवणार?

लेक: आठवा. दोन तास बसून आठवा, मला घाई नाही.

बाप: अगं...

लेक: तुम्ही मध्ये पडू नका, बाबा.

साहेब: रिकामे असायचे. रोजच पाच-सहा ठेवायचे, ऐनवेळी पैसेवाला कोणी आला तर म्हणून. त्या दिवशीचं मी सांगू शकत नाही. पण असणार.

लेक: ऐकलंत, बाबा? नऊ वर्षं माझी समजूत की जागा नसेल.

साहेब: मी जातो. तुम्ही माझा पाय करणार नाही, ते समजलं मला. कुबडी द्या तेवढी.

लेक: करणार. इथेही नियम आहे. आधी डिपॉझिट, मग माप.

साहेब: किती?

लेक: माझ्या नवऱ्याचं नाव.

साहेब: तुम्ही सांगा ना, मी लिहून घेतो.

लेक: मी सांगणार नाही. तुम्ही आणायचं.

साहेब: ठीक आहे. जुनी रजिस्टरं असतील, त्या पोराला सांगून बघतो.

लेक: रजिस्टरात सापडणार नाही. रजिस्टरात नाव यायला दाखल करावं लागतं.

(पाच दिवसांनी. तीच खोली. खुंटीला अर्धवट झालेले लाकडी पाय टांगलेले.)

बाप: आलाय बघ. चिखलाने माखलाय गुडघ्यापर्यंत.

लेक: दिसतंय मला. उभं राहा तिथेच. आणलंत?

साहेब: आणलं. स्मशानातल्या वहीत मिळालं. तिथला माणूस म्हणाला, वर्ष सांगा. वर्ष सांगितलं तर म्हणाला, महिना सांगा. तो कुठे ठाऊक होता मला? दोन दिवस वह्या चाळत बसलो जमिनीवर. त्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेलेल्यांची तीन नावं निघाली. तिन्ही घरी गेलो. दोन ठिकाणी बायका दुसऱ्याच निघाल्या.

लेक: तिसऱ्या ठिकाणी?

साहेब: कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ती तर बापाच्या कारखान्यात असते दिवसभर, लाकडाचे पाय करते. वय एकतीस लिहिलंय त्यांचं.

लेक: बत्तीस. लिहिणाऱ्याने चुकवलं.

साहेब: हा कागद. वाचून दाखवू?

लेक: कागद खिशात ठेवा. तोंडी म्हणा. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मान वर करून, माझ्याकडे बघून.

बाप: म्हणाला. पूर्ण नाव बरोबर म्हणाला, पोरी. पुसून घे डोळे, साच्याचं प्लास्टर भिजवायचंय.

लेक: माझे कोरडे आहेत, त्याचे बघा. बसा खुर्चीत. पाय सोडा सैल. गुडघा इतका वाकवा, जास्त नको. बाबा, पट्टी धरा. तुम्हीच मोजा म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

बाप: मोजलं. दोन्ही बाजूंनी मोजलं. तू लिहिलंस तेच आहे, केसाचाही फरक नाही. साहेब, पंधरा दिवसांनी न्यायला या.

साहेब: किती द्यायचे? आगाऊ सगळे देऊन टाकतो. पेन्शन काढून आणलीय.

लेक: ठेवा ते. पैसे घेणार नाही.

साहेब: असं कसं? तुमचं लाकूड, चामडं, मेहनत. नको बाई, घ्या. मला बरं वाटेल.

लेक: म्हणूनच नको. पैसे घेतले की पावती मागाल, आणि पावती मिळाली की फिटलं म्हणाल. इथे पाय फुकट मिळतो. ज्याला पाय नाही त्याला पाय, बस्स.

साहेब: मग मी काय करू?

लेक: बाबा, त्यांना सांगा ना, पाय एकदा नेला की काम संपत नाही ते.

बाप: ते खरंय, साहेब. कापून उरलेला भाग आटत जातो. ज्या वाटीत तो बसतो, ती ढिली होते, मग घासतं. पहिलं वर्षभर दर महिन्याला यावं लागेल. पुढे तीन-चार महिन्यांनी. दुसरा कोणी ही वाटी सारखी करून देणार नाही, ज्याने केली त्यालाच ती कळते.

साहेब: किती वर्षं?

बाप: जोवर चालायचंय तोवर.

लेक: चालवीन मी तुम्हाला. वेदना नाही, लंगडणं नाही. आलात की दारातच उभं राहायचं, आत यायचं नाही. आधी नाव, मग खुर्ची. दर खेपेला.

साहेब: आणि एखाद्या वेळी विसरलो तर?

लेक: बाक आहे बाहेर.

साहेब: येतो मी.

बाप: उंबरा सांभाळा. गेला. उतरताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोय गं?

लेक: पाठ करतोय.

बाप: निवलं का तुझं मन?

लेक: नाही, बाबा. पण त्याच्या खेपा पुष्कळ आहेत.