गाडीनं जीव सोडला नाही

बसा. मागची मंडळी, तुम्हीपण बसा. माइक मला लागत नाही, पण हातात दिलाच आहे तर धरते.

कामधंदा सोडून तुम्ही एवढ्या उन्हाचे आलात. दत्तूची थोरली बहीण म्हणून मी तुमची ऋणी आहे. धाकट्या भावाच्या शोकसभेत कसं बोलायचं, हे मला माहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पुष्कळ शिकवलं. सरळ उभं राहा, शब्द गिळू नका, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. हे मात्र शिकवलं नाही. तेव्हा मी मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. पण एक आधीच सांगते. थांबले तर ती रडू आलं म्हणून नाही. राग आला म्हणून.

माझ्या आधी सहा-सात जण बोलले. प्रत्येकानं दत्तूला 'वेगाचा बादशहा' म्हटलं. बाहेर फ्लेक्स लागलाय, त्यावरही तेच लिहिलंय. त्या फ्लेक्सवर माझ्या भावाचं डोकं एका नव्याकोऱ्या रेसच्या मोटारसायकलवर चिकटवलंय. ती गाडी दत्तूची नाही. ते अंगसुद्धा दत्तूचं नाही. दत्तूला एवढे खांदे कधीच नव्हते.

मंडळी, तुम्ही कुणाला श्रद्धांजली वाहताय?

दत्तूइतका हळू गाडी चालवणारा माणूस या तालुक्यात दुसरा नसेल. डोंगराच्या वाटेवर त्याला म्हशींनी मागं टाकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, "दत्तू, अरे गाडी आहे का पालखी?" तर म्हणाला, "ताई, पडायला येळ मिळाला पायजे." असा तो बादशहा.

आणखी एक. गावात कुणीकुणी म्हणतंय की दत्तूला गाडीनं खाल्लं. दत्तू गाडीवरून पडून गेला नाही. तो सकाळी अंगणात खुर्चीवर बसून, चहाची बशी हातात धरून गेला. हृदय बंद पडलं. मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी केली, मला त्यातलं थोडं कळतं. त्याच्या गोळ्या मीच लावून दिल्या होत्या आणि तो त्या नेमानं घेत होता. तरी गेला. माणसं अशीही जातात. त्यात गाडीचा काही दोष नाही.

आता गाडीबद्दल बोलते, कारण आज इथे दत्तूपेक्षा गाडीबद्दलच जास्त बोललं गेलं आणि जवळजवळ सगळं खोटं बोललं गेलं.

दत्तू साखर कारखान्यात फिटर होता. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उघडायच्या, धुवायच्या आणि डोंगरात चालतील अशा करून पुन्हा जोडायच्या, हा त्याचा नाद. मला पूर्वी वाटायचं, हा आवाजाचा नाद आहे. तुमच्यापैकी बरेच जण सायलेन्सर कापून गावभर फटफटत फिरता, तसला. तसं नव्हतं. दत्तू पत्र्याचे तुकडे कापून, वळवून, जोडून स्वतः सायलेन्सर बनवायचा. का, तर इंजिनानं हळू चालतानाच ओढ धरावी म्हणून. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, मोठं बसवायचा, तेही त्याच कारणानं. प्लग काढून उन्हात धरायचा. प्लग दुधाच्या चहाच्या रंगाचा निघाला की पेट्रोल नीट जळतंय म्हणून खूश. काळा निघाला की कार्बोरेटर पुन्हा खोलायचा, आणि सुनंदा म्हणायची, "जेवायला या आता, त्यो प्लग काय पळून जात न्हाई."

सुनंदा म्हणजे त्याची बायको. ती तिथे भिंतीशी बसली आहे. आज सकाळपासून तिला कुणी एक शब्द विचारलेला नाही. मी तिच्याबद्दलच बोलायला उभी राहिले आहे.

पण आधी तुम्हाला हे कळू दे की दत्तूला हळू का जायचं असायचं. आपल्या डोंगरावर पाणी अडवायला चर खोदलेत. तुमच्या-आमच्या घरच्यांनीच खोदलेत. ते चर भरले की खाली विहिरींना पाणी येतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दत्तू म्हणायचा, "चाक जागच्या जागी गरगरलं की माती सुटती. माती सुटली की चर बुजतो." म्हणून त्याला अशी गाडी हवी होती की जिचं चाक एकदाही गरगरणार नाही. चर आला की हा खाली उतरायचा आणि गाडी ढकलत, वळसा घालून न्यायचा. घामाघूम व्हायचा. आणि तुम्ही त्याचे शिष्य म्हणवणारे मागच्या पावसाळ्यात त्याच चरांवरून उड्या मारत गेलात आणि त्याचे व्हिडिओ टाकलेत. दत्तूनं तुम्हाला काय म्हटलं होतं ते मी इथे सांगत नाही. शोकसभा आहे.

आता ती लाल गाडी. जी अंत्ययात्रेच्या पुढे होती, ती.

सगळे म्हणतात, दत्तूभाऊंची गाडी. ती दत्तूची नव्हती. दत्तूची निळी आहे, ती अजून पडवीत उभी आहे. लाल गाडी सुनंदाची. दत्तूनं ती सुनंदासाठी बांधली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो रोज डोंगरात जायला लागला आणि ही घरी एकटी. एक दिवस ही म्हणाली, "तुमी रोज वर जाता, मग मी काय फकस्त डबाच बांधायचा का?" त्यानं ते मनावर घेतलं. गादी खरवडून खरवडून पातळ केली. ही बसून बघायची आणि म्हणायची, "नगं, माझं पाय लोंबकाळत्यात." तो पुन्हा खरवडायचा. म्हणायचा, "तुजं दोन्ही पाय भुईला टेकलं पायजेत. बाकी समदं माझ्याव सोड." किक तिच्या पायाला जमेल इतकी हलकी केली. क्लचची दांडी तिच्या बोटांना पुरेल अशी वाकवली. ती गाडी दुसऱ्या कुणाच्या मापाची नाही. म्हणूनच त्या शिष्यांपैकी किरण अंत्ययात्रेच्या दिवशी तिच्यावर बसला तेव्हा गुडघे कानाला लागल्यासारखा दिसत होता.

मग दोघं जायला लागली. सकाळी, ऊन चढायच्या आत. निळी पुढे, लाल मागे. खैराच्या रानातून, सीताफळींच्या अंगानं, वर पठारापर्यंत. तिथे बसून भाकरी खायची आणि उतरायचं. सुनंदा दुधाच्या मापानं ऑइल मोजून पेट्रोलमध्ये मिसळायची. स्वतः. दत्तूलासुद्धा हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "तुमी बोलता बोलता जास्ती ओतता."

हे ऑइल महत्त्वाचं आहे, मंडळी. आता नीट ऐका.

या गाड्यांच्या इंजिनात ऑइल वेगळं भरलेलं नसतं. ते पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. पेट्रोलबरोबर ते आत जातं, तेव्हा पिस्टन घसरत चालतो. म्हणून तर या गाड्या निळसर धूर सोडतात. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन कोरडा घासतो, तापतो, फुगतो आणि जाम होतो. हे शहाणपण फार मोठं नाही. जुन्या गाडीला हात लावायच्या आधी जुन्या माणसाला विचारलं असतं तरी पुरलं असतं. जुनी माणसं दारातच बसली होती.

दत्तूला उचलायच्या आधी किरण आणि त्याच्या ग्रुपनं ठरवलं की भाऊंना मानवंदना द्यायची. पडवीतून लाल गाडी काढली. निळी का नाही? तर म्हणे, लाल फोटोत चांगली दिसते. सुनंदाला विचारलं नाही. घरातल्या एकाही बाईला विचारलं नाही. टाकी रिकामी होती, तर पंपावर जाऊन महागातलं पेट्रोल भरून आणलं. भाऊंसाठी भारीतलं. आणि भरलं ते नुसतं.

दारात दत्तूला खांद्यावर घेतलं. पुढे गाडी. सुनंदा उंबऱ्यात उभी. आणि ती एकदम म्हणाली, "ताई, धूर कसा न्हाई?"

तुम्हाला आठवत असेल. तिथल्या बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरलं. कुणी म्हणालं, शुद्ध हरपली बिचारीची. कुणी म्हणालं, सरण अजून पेटलं नाही बाई, धूर कुठून येईल. तिला खाली बसवून तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. ती तांब्या ढकलत होती आणि म्हणत होती, "आगं, गाडीला धूर न्हाई, गाडी बंद करा." नवरा जात असताना तेवढ्या गर्दीत त्या एका बाईचं डोकं ठिकाणावर होतं, आणि तुम्ही तिलाच वेडी ठरवलंत.

मी ओरडले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या मानवंदनेपुढे तो कुठला पोचणार? जागेवर उभं राहून अ‍ॅक्सिलरेटर पिळत होतात.

अमरधामच्या फाटकाशी गाडी किंचाळली आणि बंद पडली. चाक जागच्या जागी अडलं. आणि किरण डोळे पुसत म्हणाला, "मालक गेला, गाडीनंपण जीव सोडला." झालं. सगळ्यांना हुंदका फुटला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मागे बासरी लावून प्रत्येकाच्या मोबाईलवर. मुकं जनावर असतं, तशी मुकी गाडी म्हणे.

किरण, खाली बघू नकोस. तू चाळिशीचा बाप्या आहेस, खताचं दुकान चालवतोस, माझ्याकडे बघ. दुसऱ्या दिवशी तू ती गाडी मेकॅनिककडे नेलीस. मी तुला विचारलं, काय म्हणाला तो? तू म्हणालास, "आत्या, ऑइल नव्हतं म्हणे." मी म्हटलं, मग गावाला सांग. तर तू काय म्हणालास? "आता कसं सांगू आत्या, सगळ्यांनी स्टेटस ठेवलंय."

मंडळी, गाडीनं जीव सोडला नाही. तुम्ही घेतला.

चूक होते. कुणाच्याही हातून होते. तुम्ही प्रेमानं केलंत हेही मला मान्य आहे. पण चुकीला चमत्कार म्हणायचं आणि त्या चमत्काराला हार घालायचे, हे मी चालू देणार नाही.

कारण आत्ता थोड्या वेळापूर्वी आमचे चुलत बंधू भाऊसाहेब या माइकवरून काय म्हणाले? ही गाडी सोनेरी रंगवून वेशीपाशी चौथऱ्यावर बसवायची. चाकं सिमेंटमध्ये पक्की करायची. खाली पाटी, 'वेगाचा बादशहा'. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या. मेकॅनिककडून परस्पर उचललेली गाडी आताच भाऊसाहेबांच्या गोदामात कुलपात आहे आणि तिची चावी त्यांच्या खिशात आहे.

काल मी त्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, गाडी सुनंदाची आहे." ते म्हणाले, "ताई, मालकी कोण नाकारतंय? पण आता वहिनी काय गाडी चालवणार आहेत का?"

हे वाक्य नीट ऐका. मी रात्रभर ऐकत होते. 'आता.' नवरा होता तोवर चालवली, त्याची हौस म्हणून आपण गप्प बसलो. आता नवरा नाही. आता बाईनं पांढऱ्या कपाळानं घरात बसावं. हे तोंडानं कुणी म्हणायचं नाही. त्यापेक्षा तिची गाडी सिमेंटमध्ये घालू आणि तिला फीत कापायला बोलावू. किती सोपं आहे. तिनं तक्रार केली तर तीच नवऱ्याच्या स्मारकाच्या आड आली, असं म्हणायला आपण मोकळे.

मेकॅनिकला मी स्वतः जाऊन भेटले. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा कातून, मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. या गाड्यांना तो बसतोच, दत्तूनं कितीतरी गाड्यांना बसवलाय. गाडी मेलेली नाही. आजारी आहे. पण चौथऱ्यावर चढवलीत की मात्र ती मेली.

आणि उगाच माझंच म्हणणं रेटते असं वाटू नये, म्हणून आज सकाळी मी सुनंदाला विचारलं. म्हटलं, "खरं सांग, कुणाची भीड धरू नकोस. तुला गाडी नको असेल तर चौथऱ्याला पहिला हार मी घालीन." ती परातीतलं पीठ मळत होती. मळता मळता म्हणाली, "ताई, गाडीचं काय घिऊन बसलाव. मला डोंगराव जायचं हाय."

तिला डोंगरावर जायचंय. दत्तूच्या आठवणी काढायला जायचंय, का नुसतं वारं खायला, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. चालत जायला तिचे गुडघे साथ देत नाहीत आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीवर तिचे पाय भुईला टेकत नाहीत. एवढाच मामला आहे. पुतळे आपल्याकडे भरपूर आहेत. ही एक बाई गाडीवर बसून डोंगर चढते, तेवढं राहू द्या.

माझं बोलून झालं. आता आपण दत्तूसाठी उभे राहून शांत राहायचं आहे. घड्याळ कुणी लावायचं नाही. भाऊसाहेब, तुम्ही व्यासपीठावरून उतरा. त्या भिंतीपर्यंत चालत जा आणि चावी सुनंदाच्या हातात ठेवा. तुम्ही इथून तिथे पोचेपर्यंत आम्ही सगळे शांत उभे राहू. मग त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे.

उठा, मंडळी. मोबाईल खिशात ठेवा.

चला, भाऊसाहेब. आम्ही थांबलोय.