विसाव्याची जागा

फोटो मग काढा मॅडम, आधी हा खांब धरा—अहो धरा, हात मळले तर पुसता येतात. सरळ. नाही, तुमच्याकडे कललाय. हां, अस्सा. बस कुठं पळत नाही तुमची. त्या गाई रस्त्यातून उठल्याशिवाय ती हलणार नाही, आणि आमच्याकडच्या गाई हॉर्नला भीक घालत नाहीत. माझ्या भावाच्या हॉर्नलाही घातली नव्हती—हा क्रूस त्याचाच. एलिसेओ. हीच बस चालवायचा. तुमच्यासारख्या अंतराळाच्या पाहुण्यांना, ह्याच निळ्या टोप्या घातलेल्या, गावातल्या हॉटेलातून उचलायचं, यानाच्या तळावर सोडायचं, रिकामी बस परत आणायची. तशीच परत आणताना गाय आडवी आली, त्यानं स्टिअरिंग फिरवलं, बस या ओघळीत. गाय वाचली. ती पांढऱ्या कपाळाची बघितली की वाटतं हीच ती—आणि मग प्रत्येकच गाय तीच वाटते. जाऊ दे.

काय? थडगं? नाही हो, पुरलाय गावात, चर्चमागे. हा विसावा. माणसाचा जीव जिथं गेला तिथंच रोवायचा, आजापणजापासून चालत आलंय. पूर्वी मढ्याची पेटी खांद्यावरून न्यायचे, जिथं दमून टेकवायचे तिथं क्रूस लावायचे—आता कोण खांद्यावर नेतं, गाड्यांतच मरतात सगळे. पण जागा तीच लागते. जराही इकडंतिकडं चालत नाही. आणि हेच त्या तळवाल्या कंपनीच्या डोक्यात शिरत नाही! म्हणतात, पर्यटकांच्या मनावर परिणाम होतो, यानात बसायच्या आधी माणसाला क्रूस दिसू नये. अहो, या अख्ख्या माळाचं नावच आमच्या भाषेत 'मेलेल्याची वाट' आहे—तिथं ह्यांनी अंतराळाचा तळ बांधला, आणि ह्यांना एक फळी खुपते?

पहिल्यांदा क्रूस गेला तेव्हा मला वाटलं, वारा. पण वाऱ्यानं पडलेला आसपासच सापडतो ना? हा सापडला तळाच्या भंगारात, दोरीनं नीट बांधलेला, जसं काही कोणी न्यायला येणारच आहे. पुन्हा रोवला. पुन्हा काढला. मग ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं, कॉफी दिली, काय गोड बोलल्या—स्वागतकक्षात काचेची भिंत आहे, तिच्यावर एलिसेओचं नाव लावू, सोनेरी अक्षरात, खाली दिवा. मी म्हटलं, बाई, तो काचेच्या भिंतीत मेला का? त्यांना वाटलं, मी आणखी मोठी अक्षरं मागतोय! कॉफी तशीच ठेवून उठलो, आणि येताना दारातल्या फर्मीनला एक ठोसा ठेवून दिला. रखवालदार आहे तो तिथं—आणि माझा मावसभाऊ. क्रूस उपटायला त्यालाच पाठवतात. दोरी त्यानंच बांधली असणार, गाढवानं. गाल सुजला त्याचा, तरी माझ्या आईपर्यंत जाऊ दिलं नाही बिचाऱ्यानं.

आईला काहीच माहीत नाही ना—तिथं नका उभ्या राहू, तिथं अजून काचा निघतात—आईला मी सांगून ठेवलंय, क्रूस जागेवर आहे. आणि आता बोललोच आहे तर... असंही सांगितलंय, की प्रवाशांची बस इथं मुद्दाम थांबते, सगळे खाली उतरतात, टोप्या काढतात. काय करू? रडायची थांबत नव्हती, तोंडातून निघून गेलं. तिनं ते अख्ख्या चर्चमध्ये सांगितलं! आजवर इकडं यायचा धीर झाला नव्हता तिला. आज एलिसेओचा वाढदिवस, तर सकाळी उठून हिरव्या मिरचीचा रस्सा केला, मामाला गाडी काढायला लावली. म्हणाली, परकी माणसं माझ्या पोरासाठी खाली उतरतात, मग मी नको जायला?

ती धूळ दिसते? मामाचीच गाडी. माती दाबायची राहिलीय अजून—दाबा हो पायानं, जोरात—नको, असू दे, बूट नवे आहेत तुमचे. मला एवढंच म्हणायचं होतं, ती येईपर्यंत तुम्ही जरा... नाही. काही नाही. गाई उठल्या वाटतं. हॉर्न तुमच्यासाठीच आहे, ड्रायव्हर हात करतोय बघा. जा. यान कोणासाठी थांबत नाही, एलिसेओ सांगायचा. त्यालाही जायचं होतं वर, वेड्याला—वरून आरसा चमकवीन म्हणायचा, तू अंगणात उभा राहा. मी अजून राहतो उभा, प्रत्येक उड्डाणाला. कशाला राहतो? सांगा, कशाला? जा म्हणतोय ना मॅडम! मला नको तुमची दया, नको तुमचा फोटो, तुमचं अंतराळ तुम्हालाच लखलाभ—जा, बसा बसमध्ये, वरून खाली बघाल तेव्हा ही जागा तुम्हाला दिसणारसुद्धा नाही—

टोपी कशाला काढलीत?