उत्तर नाही, म्हणजे शांत

योर्लेनिस : …म्हणून विचारते, विल्मर, आपल्या तोलू बंदराला समुद्र किती?

विल्मर : एकच. का गं?

योर्लेनिस : आपल्या साइटवर लाँचच्या तिकिटांच्या पानावर आज दुपारसाठी लाल बावटा दिसतोय. कप्तानांच्या पानावर ‘समुद्र शांत’. म्हटलं, रात्रीतून दुसरा आणलास की काय.

विल्मर : अगं, अरेपा तरी खाऊ दे. हवामानवाल्यांनी काल त्यांच्या वेब सर्व्हिसचा पत्ता बदलला. तिकिटांच्या पानात मी नवा टाकला.

योर्लेनिस : आणि कप्तानांच्या?

विल्मर : तिथं राहिला असेल.

योर्लेनिस : असेल! तोच कोड पानापानात चिकटवून ठेवलायस. किती वेळा सांगितलं, बाहेर विचारायला जाणारा कोड एका फाइलीत ठेव. पानांनी फाइलीला विचारायचं, फाइलीनं बाहेर. पत्ता बदलला की एकाच जागी हात घालायचा.

विल्मर : तुझी ती फाइल म्हणजे सरकारी कचेरी. माझं पान आपलं आपण जाऊन विचारतं, कुणाची मिनतवारी नाही. चाललं होतं ना इतके दिवस?

योर्लेनिस : चाललं होतं, कारण पत्ता बदलला नव्हता. पण मला सांग, जुन्या पत्त्यावर तर आता कुणीच नाही. मग हे ‘शांत’ म्हणतंय कोण?

विल्मर : अरेपा थंड होतोय गं.

योर्लेनिस : विल्मर!

विल्मर : मी.

योर्लेनिस : म्हणजे?

विल्मर : उत्तर आलं नाही की पानावर चूक झाल्याचा संदेश यायचा, लालभडक. लाँचच्या मालकीणबाई ओरडायच्या, गिऱ्हाईक पळतं म्हणून. मग मी लिहून टाकलं, उत्तर नाही आलं तर ‘शांत’ समज.

योर्लेनिस : अरे गाढवा! कुणी बोललं नाही म्हणजे सगळं आलबेल?

विल्मर : बहुतेक वेळा असतंच की.

योर्लेनिस : मुकुरा बेटाची लाँच आत्ता सुटतेय. वारा सुटेल तेव्हा ती परतीच्या वाटेवर, भर समुद्रात. कप्तान ओबिदियोला फोन लाव.

विल्मर : तो इंजिनापुढे बसला की फोन घेत नाही. पण… माझ्या सासूबाई आहेत त्या लाँचवर. लेकीला भेटायला, केइलाकडे चालल्यात.

योर्लेनिस : केइला मुकुराला कधी गेली?

विल्मर : झाला महिना. मावशीकडे, हवापालट म्हणून. मजेत आहे. कुरकुर नाही, फोन नाही, काही नाही.

योर्लेनिस : मग बघत काय बसलायस, सासूबाईंना लाव!

(विल्मर फोन लावून मेजावर ठेवतो. पलीकडून इंजिनाची घरघर.)

एल्विरा : बोला जावईबापू. आज सूर्य कुठून उगवला?

विल्मर : आई, लाँच थांबवा आणि आधी खाली उतरा. दुपारी वारा सुटणार आहे.

एल्विरा : आभाळ तर लख्ख आहे. कप्तानानं आत्ताच मला पान दाखवलं, ‘समुद्र शांत’. तुम्हीच बनवलंय म्हणाला. म्हटलं, चला, जावयाचं एक तरी काम उपयोगी पडलं.

विल्मर : ते खोटं आहे. आईशप्पथ!

एल्विरा : शपथ स्वतःच्या आईची घ्या, मला मध्ये आणू नका. मी केइलाला भेटू नये म्हणून चाललंय हे सगळं.

योर्लेनिस : सेन्योरा, मी योर्लेनिस, याच्याबरोबर काम करते. तुमच्या जावयानं गाढवपणा केलाय. हवामानवाल्यांकडून उत्तर आलं नाही की हा स्वतःच ‘शांत’ लिहून मोकळा होतो.

एल्विरा : हां, हे पटतं. अहो कप्तान! बंद करा ते इंजिन! पान आमच्या जावयाचं आहे, जावयाइतकंच भरवशाचं! चला, उतरा सगळे. ए बाई, माझ्या खोबऱ्याच्या वड्या, त्यांवर बसू नकोस!

योर्लेनिस : थांबली?

विल्मर : घरघर बंद झाली. हुश्श!

योर्लेनिस : सरक तिकडे. ती फाइल आत्ता होतेय, माझ्यासमोर. उत्तर नाही आलं तर पानावर काय येणार?

विल्मर : ‘माहीत नाही. विचारल्याशिवाय निघू नका.’

एल्विरा : जावईबापू, मी अजून फोन ठेवलेला नाही.

विल्मर : आई, फार उपकार झाले तुमचे.

एल्विरा : ते राहू द्या. मी केइलाला विचारायला निघाले होते, परत येतेस की तुझं सामान इकडून पाठवून देऊ.

विल्मर : सामान? सामान कशाला? मजेत आहे ती.

एल्विरा : असं ती म्हणाली?

विल्मर : नाही. ती काहीच म्हणाली नाही.

एल्विरा : मग ‘मजेत आहे’ म्हणतंय कोण?

विल्मर : मी.